सेतुरावांची लेखी परवानगी

सेतुराव कुणाचीही माफी मागत नसत. हे मला ओळखीच्या पहिल्याच मिनिटाला कळलं, कारण त्या मिनिटात त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या ऑफिसचा जिना अरुंद. मी सोलापूरहून नोकरीवर रुजू व्हायला आलेलो, आणि वरून हे गृहस्थ फायलींचा गठ्ठा घेऊन उतरत होते. नवा मराठी इंजिनीयर येणार हे त्यांना ठाऊक असावं. चष्म्यावरून माझ्या अंगठ्याकडे नीट पाहून ते म्हणाले, "तंबी, तुझा पाय आणि माझी चप्पल एकाच पायरीवर आढळलीं. नोंद घेतली."

आणि खाली निघून गेले. तमिळमध्ये धाकट्या भावाला तंबी म्हणतात, हे मला नंतर समजलं. सेतुराव तंजावरचे मराठी. त्यांचं मराठी ऐकताना जुना दस्तऐवज कुणी तमिळ चालीवर वाचून दाखवतोय असं वाटे. माझं मराठी मात्र त्यांना हिंदी वाटायचं.

आमचं ऑफिस नऊ माणसांचं. कारखान्यात यंत्र बसवायचं तर त्याखाली काँक्रीटचा पाया लागतो, त्या पायाचे नकाशे आम्ही काढून द्यायचो. सेतुरावांकडे पत्रव्यवहार, करार आणि विमा. यातला विमा हा त्यांचा प्राण होता. आयुष्याचा किंवा गाडीचा नव्हे, व्यावसायिक जबाबदारीचा विमा. डॉक्टर, आर्किटेक्ट, आमच्यासारखे नकाशेवाले, म्हणजे माल न विकता अक्कल विकणारे जे लोक, त्यांची अक्कल चुकली आणि गिऱ्हाइकाचं नुकसान झालं, तर ते विमा कंपनी भरून देते. मात्र दावा येईल त्या दिवशी पॉलिसी चालू हवी. म्हणून सेतुराव मुदतीच्या दीड महिना आधीच नूतनीकरणाचा अर्ज घेऊन विमा कंपनीच्या दारात उभे राहत. तिथले लोक त्यांना लांबून पाहूनच चहा सांगत, कारण बराच वेळ जाणार हे ठरलेलं असे.

पॉलिसीत एक अट होती. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय आपली चूक कुणाकडेही कबूल करायची नाही. केली तर कंपनी हात वर करू शकते. सेतुरावांनी ही अट बावीस वर्षं अशी पाळली की ती त्यांच्या अंगात मुरली. कॉफी सांडली तर "कॉफी टेबलावर आढळली." बसमध्ये धक्का लागला तर "बस हलली, असें माझें निरीक्षण." ऑफिसात कुणाच्या तोंडून चुकून 'सॉरी' निघालं की ते पेन्सिलीने टेबल वाजवत आणि आम्ही सगळे गप्प होत असू.

याची किंमत त्यांनी घरात मोजली होती. एकुलत्या एका मुलाच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः तपासली, आणि तीत तारीख एक दिवस पुढची छापली गेली. नवरीकडच्यांनी जवळच्या लोकांना फोन केले म्हणून बरं, पण नवरीचे सख्खे मामा नेमके पत्रिकेवर विसंबले. ते दुसऱ्या दिवशी आहेराचं ताट घेऊन पोचले तेव्हा मंडपवाला खुर्च्या मोजत होता. मामा रडकुंडीला आले. सेतुराव त्यांना म्हणाले, "आपली भावना समजली. दोष आमचा, असें मी मान्य करत नाहीं. नोंद घेतली." महिन्याभरात मुलगा लांब सिरुसेरीला, आपल्या नोकरीजवळ फ्लॅट घेऊन निघून गेला. याला चार वर्षं झाली होती. बायको त्याआधीच वारलेली. सेतुराव एकटेच राहत, आणि ही सगळी हकीकत त्यांनी मला दुसऱ्या कुणाचीतरी असावी तशी, एकही शब्द न अडखळता सांगितली होती.

मग माझी अक्कल चुकली. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात परदेशी यंत्र येणार होतं. त्याच्या सुधारित मापांचा कागद माझ्या टेबलावर आला होता, आणि मी पायाचा नकाशा काढला जुन्या कागदावरून. पक्क्या काँक्रीटमधून सोळा बोल्ट वर आले, आणि यंत्र खाली उतरवलं तेव्हा एकही बोल्ट एकाही भोकात जाईना. कारखान्याच्या मॅनेजरने नकाशा पाहिलाच नाही. त्याने ठरवून टाकलं की साइटचा सुपरवायझर मुरुगेसन याने बोल्ट चुकीचे बसवले. मुरुगेसन पन्नाशीचा. त्याला साइटवरून काढून गोदामाच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं.

कागद ताडून पाहिल्यावर चूक माझी हे मला कळलं आणि मी सेतुरावांना जाऊन सांगितलं. सेतुरावांनी हातातली कॉफी ठेवून आधी विमा कंपनीला फोन केला, मग पत्र लिहिलं, आणि मग माझ्याकडून सगळी हकीकत लिहून घेतली. मी एक वाक्य जरा गुळमुळीत लिहिलं तर कागद फाडून पुन्हा लिहायला लावलं. "कंपनीस सगळें खरें सांगावें. बाहेर तोंड उघडूं नये," ते म्हणाले. आमचे मालक म्हणाले, विमा हुकला तर ऑफिसला कुलूप.

कारखान्यात बैठक झाली. मॅनेजर आमच्यासमोर मुरुगेसनला फाडून खात होता. मुरुगेसन उभा होता आणि एवढंच म्हणत होता की सार, मी नकाशाप्रमाणेच केलं. मी तोंड उघडलं. त्याच क्षणी टेबलाखाली सेतुरावांची चप्पल माझ्या पायावर आली आणि सबंध बैठकभर तिथून हलली नाही. शेवटी ते मॅनेजरला म्हणाले की विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन नकाशा तपासेल, तोवर कुणाचाही दोष ठरवू नये. मॅनेजरने ऐकलं नाही. परत निघताना मुरुगेसन फाटकावर होता. त्याने आम्हाला वाकून सलाम केला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि सेतुरावांचा तर रागच आला. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचो. त्यांनी त्याचीही नोंद घेतली असणार.

दोन महिन्यांनी निकाल आला. नकाशात चूक होती, पाया फोडून नव्याने घालायचा खर्च विमा कंपनी देणार. ऑफिसात सगळ्यांना केसरी, म्हणजे तिकडचा शिरा, वाटला. सेतुरावांनी तो खाल्ला नाही. पिशवी उचलली आणि मला म्हणाले, "ऊठ तंबी. गुम्मिडिपूंडीस जायचें आहे."

बसमध्ये त्यांनी पिशवीतून दोन कागद काढून दाखवले. पहिला त्यांच्या पत्राची प्रत. विमा कंपनीला लिहिलं होतं की मुरुगेसन नावाच्या इसमाकडे चूक कबूल करून त्याची माफी मागण्यास लेखी परवानगी मिळावी. तारीख बैठकीच्या दुसऱ्या दिवसाची. त्याखाली पाच स्मरणपत्रांच्या तारखा. दुसरा कागद कंपनीचा, कालचा. दाव्याचा निकाल झाला असल्याने हरकत नाही, असं एका ओळीचं उत्तर. माझ्या रागाचं काय करावं ते मला कळेना. मी कागद घडी घालून परत दिले.

सेतुराव आधी मॅनेजरकडे गेले. निकालाची प्रत पुढे ठेवून म्हणाले की मुरुगेसनला आजच साइटवर घ्या, आणि घेतल्याचं मला लिहून द्या. ते लिहून घेतल्यावरच ते फाटकावर आले. मुरुगेसन घाईने उठला. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "तप्पु एंगळोडदु," ते म्हणाले. चूक आमची.  मग मी माझं नाव सांगून चूक नेमकी कुणाची ते सांगितलं. मुरुगेसनने दोघांकडे पाहिलं, एकच खुर्ची होती ती सेतुरावांना दिली आणि पाणी आणायला गेला.

बसथांब्यावर सेतुरावांनी सगळे कागद पिशवीत नीट लावून ठेवले. मग म्हणाले, "त्या दिवशीं तुझा पाय मीच तुडवला. मुद्दाम." मी म्हटलं, चालायचंच. ते म्हणाले, "घरीं पॉलिसी नव्हती रे. तिथें बोलायला कुणाची परवानगी लागत होती?"

 समोरच्या चहाच्या दुकानाबाहेर रुपयाचं नाणं टाकायचा लाल फोन होता. त्यांनी माझ्याकडे एक नाणं मागितलं आणि नंबर न बघता फिरवला.

"मी अप्पा. पत्रिकेंतली तारीख मीच चुकलों. चूक माझी," ते म्हणाले. पुढे ते फक्त ऐकत होते. मग फोन ठेवून तसेच उभे राहिले, डोळे पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

काय म्हणाला, मी विचारलं.

"'नोंद घेतली' म्हणाला."

मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. "आणिक एक नाणें दे, तंबी. मामांचा नंबर दिलाय त्यानें."