सात मजली हालो-हालो

नेस्तोर माकाराएगला साखरेचा आजार होता. डॉक्टरीणबाईंच्या हुकमानुसार वर्षातून एकदा, वाढदिवसाला, एकच गोड पदार्थ खाण्याची त्याला मुभा होती. बाकीचं वर्ष तो बिनसाखरेच्या कॉफीवर काढायचा आणि त्याबद्दल घरातल्या सगळ्यांवर चिडायचा. मनिलाच्या रहदारीत जन्मभर जीपनी ही प्रवासी गाडी हाकलेला हा दांडगा माणूस वाढदिवस जवळ आला की नुसता पोरासारखा करायचा.

यंदा त्याच्या मुलीला, मारिविकला, बढती मिळाली होती. तिने बापाजवळ जाहीर केलं, "ताताय, या वर्षी कोपऱ्यावरचा हालो-हालो बंद. माकातीच्या बड्या दुकानातला सात मजली!"

हालो-हालो म्हणजे किसलेला बर्फ, दूध, साखरेत शिजवलेले घेवडे, कोवळं खोबरं, अंड्या-दुधाचं फ्लान, उबे नावाच्या जांभळ्या कंदाचं आइस्क्रीम आणि शेंड्यावर सोन्याचा वर्ख. दुकानाचं नाव सांगत बसत नाही. मनिलात ते ज्याला माहीत नाही, तो तसं कबूल करत नाही.

रविवारी भर उन्हात रांगेत ताटकळून दोघं एकदाची दारापाशी पोचली. दारातल्या मुलीने मान लववून म्हटलं, "या आजोबा, खाऊन घ्या!"

आता पहिल्याच बोलावण्याला हो म्हणायला नेस्तोर काही रस्त्यावर वाढलेला नव्हता. त्याच्या आईने त्याला वळण लावलं होतं. तो पटकन म्हणाला, "नको नको, आत्ताच झालंय. तुमचं चालू द्या." यावर समोरच्याने आग्रह करायचा, आपण पुन्हा नको म्हणायचं आणि तिसऱ्या खेपेला 'बरं, तुमचं मन मोडवत नाही' म्हणून बसायचं, ही आपली रीत. दुकानाच्या नियमात मात्र एकच खेप होती. दारातल्या मुलीने त्याच्या मनगटाला गुलाबी फीत बांधली.

"ही कशाची?"

"न खाणाऱ्यांची, आजोबा. फक्त फोटो."

"अगं बाई, मी आपलं रीतीने नको म्हटलं!"

"आम्हीही रीतीनेच बांधली," मुलगी गोड हसून म्हणाली. मारिविकने आपणहून गुलाबी मागून घेतली होती. "ताताय, सगळे हीच घेतात. आत बघू," ती म्हणाली.

आत सात मजली आला. काय त्याचा थाट! नेस्तोरला अक्षरशः गहिवरून आलं. फोटो झाले. एकट्याचा, मुलीबरोबर, डोळे मिटून चव घेतल्याचा. मग वाढप्याने तो उचलला आणि शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिथे एका कुटुंबाने डोळे मिटले.

"अरे, माझा हालो-हालो!" नेस्तोर ओरडला.

मॅनेजर धावत आला. "आजोबा, तो खायचा नाही. मेण आणि रबर आहे. दुकान उघडल्यापासून तोच आहे. खरा बर्फ वितळतो हो, लोकांचे फोटो बिघडतात."

"मग खायचा आणा! आज माझा वाढदिवस आहे. आज नाही खाल्लं तर वर्षभर बोंबला!"

"शुभेच्छा! त्यासाठी पिवळी फीत लागेल."

"बांधा."

"बांधतो. पण पिवळ्यांना द्यायला आमच्याकडे काही नाही. स्वयंपाकघर काढून तिथे दिवे बसवलेत. उजेड कमी पडतो अशी फार तक्रार होती."

"आणि खायला मिळत नाही, ही तक्रार?"

"छे! चवीला तर सगळ्यांनी पाचापैकी पाच दिलेत," मॅनेजर अभिमानाने म्हणाला.

नेस्तोरने मारिविककडे पाहिलं. ती खाली मान घालून फोटो पाठवत होती. कोपऱ्यावरचा हालो-हालोचा गाडा रविवारी बंद असतो, हे त्याला आठवलं.

घरी पोचेपर्यंत सारी गल्ली फोटो बघून दारात उभी होती. शेजारच्या दोमेंगने विचारलं, "काय रे नशीबवान, कसा होता?"

खरं ओठांवर आलं होतं. पण मारिविक बापाकडे अशा कौतुकाने बघत होती, आणि एवढ्या गल्लीसमोर आपण उन्हात उभं राहून मेणाचं दर्शन घेऊन आलो, असं सांगायला तोंड कुठून आणायचं?

"काय सांगू," नेस्तोर म्हणाला, "जिभेवर ठेवला की विरघळतो."

पुढच्या रविवारी दोमेंग सहकुटुंब जाऊन आला. "विरघळतो खरा," तो म्हणाला, "पण उबे जरा जास्त गोड वाटला बुवा." त्यानंतर शिंपीणबाई जाऊन आल्या. त्यांना खोबरं आवडलं. चर्चचे पाद्रीबाबा तर फ्लानबद्दल प्रवचनात बोलले.

नेस्तोर हल्ली संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बिनसाखरेची कॉफी पीत बसतो. तिकडून परतणाऱ्या प्रत्येकाला तो थांबवतो आणि काकुळतीने विचारतो, "कसा होता?" एकाने जरी म्हटलं, 'मला मिळालाच नाही', तर तो उठून त्याला मिठी मारायला तयार आहे. अजून तरी कुणी तसं म्हणालेलं नाही.

तुम्ही गेलात तर तुम्हालाही विचारेल. काय सांगायचं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.