पिटुक किती स्पष्ट बोलतो!

एका जंगलात सातभाई राहत होते. नीट बसा, म्हणजे सांगतो.

सातभाई म्हणजे पक्षी. मातकट रंग, पिवळे डोळे आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू. ते घोळक्याने राहतात, म्हणून माणसांनी त्यांना हे नाव ठेवलं. पाच असोत, दहा असोत, माणसं सातभाईच म्हणतात. मोजत बसत नाहीत.

आपल्या गोष्टीतले मात्र खरोखर सात होते. आजोबा, आई, बाबा, काका, आत्या, मोठा मुलगा धांदऱ्या आणि सगळ्यात धाकटा पिटुक. पिटुक अंड्यातून बाहेर आला तेव्हा आजोबा म्हणाले, "झाले बाबा एकदाचे सात!"

या सातभाईंची एक रीत होती. बाकीचे खाली पाचोळा उलथून किडे खायचे, तेव्हा एकाने वर शेंड्यावर बसायचं. त्याने खायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, नुसतं बघायचं. शिक्रा दिसला की ओरडायचं, "शिक्रा!" शिक्रा म्हणजे लहान पाखरं उचलून नेणारा शिकारी पक्षी. हा शब्द ऐकला की कुणी "कुठंय?" विचारायचं नाही. तडक करवंदीच्या जाळीत घुसायचं.

आणि हा शब्द उगाच तोंडातून काढायचा नाही. भांडणातसुद्धा नाही.

तर, पिटुकचा पहिला शब्द हाच होता.

एका सकाळी शेंड्यावर आत्या होती. ती ओरडली आणि घरट्यातून पिटुकही ओरडला, "शिक्रा!" सगळे जाळीत घुसले. शिक्रा निघून गेला. आई जाळीतून बाहेर आली ती नाचतच.

"ऐकलंत का? 'शिक्रा' म्हणाला! त्यातल्या 'र'सकट!"

"मी पण ऐकलं," बाबा म्हणाले. "वयाच्या मानाने जास्तच आहे हे."

"जास्तच म्हणजे काय! या वयात धांदऱ्या नुसतं च्यँ च्यँ करायचा."

"तो अजूनही तेच करतो," आत्या म्हणाली.

सगळे हसले. धांदऱ्याही हसला, कारण ते खरंच होतं. आजोबांची शिकवणी त्याने नाकतोड्याच्या मागे धावताना अर्ध्यात सोडली होती. मागचापुढचा विचार करायचा नाही, असा त्याचा स्वभाव. पण पिटुकवर त्याचा जीव होता. सुरवंट सापडला की तो आधी सालीवर घासून त्याचे केस काढायचा आणि मग पिटुकला भरवायचा. स्वतः केसांसकट खायचा.

आईबाबांना आता एकच प्रश्न पडला. आपला पिटुक वयाच्या पुढे आहे का? आणि असेल तर हे शेजाऱ्यांना कळलं आहे का?

शेजारी विचारायची सोय नव्हती. तितरीण म्हणाली, "आमचा तर बाई अंड्यातून निघाला तो पळतच सुटला." लांडोर म्हणाली, "आमचा बोलत नाही, पण समजतं हो त्याला सगळं."

शेवटी ते दोन्ही मुलांना घेऊन घुबडबाईंकडे गेले. घुबडबाई पिल्लांची हुशारी तपासून द्यायच्या. तपासणी दिवसा असायची, त्यामुळे त्यांना दिसायचं काही नाही, पण ऐकू फार छान यायचं.

"नाव काय तुझं?"

"पितुक."

"हे कोण?"

"दादा," पिटुक म्हणाला. धांदऱ्या शेजारच्या फांदीला उलटा लटकून त्याला हसवत होता.

"आणखी काय येतं?"

आई म्हणाली, "बाळा, बाईंना शिक्रा म्हणून दाखव."

धांदऱ्याने चमकून आईकडे पाहिलं. पिटुकनेही पाहिलं. मग आकाशाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. पण आई म्हणतेय म्हणून तो म्हणाला, "शिक्रा."

घुबडबाईंनी एक डोळा उघडला. "वाहवा! स्वतःचं नाव बोबडं आणि हा शब्द स्वच्छ! वयाच्या बराच पुढे आहे."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी छाती फुगवली.

"पण बाई, त्याला उडता येत नाही अजून," धांदऱ्या म्हणाला. "त्याच्या वयाचे सगळे उडतात."

"सगळेच उडतात ना? मग त्यात विशेष काय?" घुबडबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळा मिटला.

त्या दिवसापासून घरी पाहुण्यांची रीघ लागली. खारूताई आली, पिटुक म्हणाला "शिक्रा". हुप्प्या वानर आला, पिटुक म्हणाला "शिक्रा". सुरुवातीला घरचे सगळे सवयीने जाळीत घुसायचे. पाहुणे पोट धरून हसायचे.

आई बाहेर येऊन पंख झटकायची. "अहो, शिकवलेलं म्हणतोय तो! एवढं काय घाबरायचं?"

मग घाबरायची सवय हळूहळू गेली. आधी बाबांची, मग काकांची, मग आत्याची.

आजोबा म्हणाले, "सूनबाई, हा शब्द खेळायचा नाही."

"मामंजी, तुमच्या वेळी पिल्लांना काही येतच नव्हतं. आमच्याला येतंय, तर म्हणू द्या."

आजोबा पुन्हा पाचोळा उलथायला लागले. खरं सांगायचं तर, पाहुण्यांनी "नातू कुणाचा!" म्हटलं की त्यांनाही बरं वाटायचं.

धांदऱ्या तेवढा लपूनछपून पिटुकला उडायला शिकवायचा. "पंख पसर. खाली बघू नको. माझ्याकडे बघ." पिटुक उडी मारायचा आणि पाचोळ्यात तोंडावर आपटायचा. वर परत दादालाच हसायचा. एकदा आईने पाहिलं.

"पडून डोक्याला लागलं म्हणजे? एवढं डोकं आहे त्याला! तू नाही शिकलास, आता त्याला तरी शिकू दे."

"अगं आई, उडायलाच शिकवतोय ना!"

"कळेल ते आपोआप. जा, खेळ जा तिकडे."

मग मोठा कार्यक्रम ठरला. सगळ्या जंगलासमोर घुबडबाई पिटुकचा सत्कार करणार होत्या. पिटुक सगळ्यांना दिसावा म्हणून त्याला पळसाच्या उघड्या फांदीवर बसवलं. त्या फांदीला एकही पान नव्हतं. मागच्या रांगेतूनसुद्धा अगदी छान दिसत होता.

शेंड्यावर बसायची पाळी काकांची होती. ते बसलेही होते. पण इतक्या उंचावर पुतण्याचं बोलणं नीट ऐकू येईना. "आजच्या दिवस चालेल," असं म्हणून ते खाली येऊन पहिल्या रांगेत बसले.

"पिटुक, झाडाला काय असतं?" घुबडबाईंनी विचारलं.

"पान."

सगळ्यांनी पंख फडफडवून टाळ्या वाजवल्या.

"पानाखाली काय असतं?"

"किडा."

पुन्हा टाळ्या.

"आणि आभाळात काय असतं?"

पिटुक वर बघायला लागला. बघतच राहिला. मग म्हणाला, "शिक्रा."

"बघितलंत?" आई शेजारच्या लांडोरीला म्हणाली. "कुणी न सांगता म्हणाला आज!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतके पंख एकदम फडफडले, की त्यात आणखी दोन पंखांचा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

"शिक्रा!" पिटुक मोठ्याने म्हणाला.

"आवाज कसा चढवतो बघा," बाबा म्हणाले.

"शिक्रा! शिक्रा!" पिटुक थरथर कापत होता.

"आणि हावभाव!" घुबडबाईंनी डोळे मिटूनच मान डोलावली. "हावभाव तर या वयात येतच नाहीत."

धांदऱ्या मागच्या रांगेत होता. त्याने वर पाहिलं आणि मागचापुढचा विचार न करता झेप घेतली. लांडोर ओरडली, "अरे ए, मध्ये काय येतोस? दिसत नाहीये आम्हाला!" आणि तिने पिसारा नसलेली शेपटी आडवी घातली.

"दादा," पिटुक म्हणाला.

तो त्याचा शेवटचा शब्द. त्याने पंख पसरले होते. खाली बघितलं नव्हतं. दादाकडेच बघितलं होतं.

फांदी थोडा वेळ हलत राहिली. टाळ्या त्यानंतरही थोड्या चालल्या. मागच्या रांगेला कळायला जरा वेळ लागला.

घुबडबाई सांत्वनाला आल्या. म्हणाल्या, "एक मात्र मान्य करायला हवं. उच्चार शेवटपर्यंत अचूक होता. आणि उत्तरही बरोबर होतं."

तेव्हापासून आई फारशी बोलतच नाही. सातभाईंच्या घोळक्यात एवढी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती.

आता शेंड्यावर रोज धांदऱ्याच बसतो. पाळी कुणाचीही असो, तो उतरत नाही. त्याला शिक्रा नीट ओळखता येत नाही, शिकवणी अर्ध्यात सोडली होती ना. पारवा गेला तरी ओरडतो. वाळकं पान गळालं तरी ओरडतो, "शिक्रा!" आणि सगळे जाळीत घुसतात. कुणी त्याला रागावत नाही. सगळ्यात आधी आई घुसते, आणि आत गेल्यावर एक पंख थोडा उचलून धरते. कुणाला तरी जागा केल्यासारखा.

ते आता सहा आहेत. माणसं अजून सातभाईच म्हणतात.

नको, टाळ्या नका वाजवू.

तात्पर्य: मूल वयाच्या आधी बोलू लागलं, तर त्याला उंच आणि उघड्या जागी बसवावं, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू येतं. त्याचे उच्चार तपासावेत, हावभाव पाहावेत, शेजाऱ्यांना बोलवावं. ते काय सांगतंय, हे पाहण्याची मात्र घाई करू नये. लहान आहे, त्याला काय कळतंय!