रिकामं जातं

"दळताना तोंड मिट गं. पीठ उडतंय."

पद्मावतीच्या सासूचा हा आवाज. सासू जाऊन तीस वर्षं झाली, आवाज अजून निपाणीच्या त्याच माजघरात राहतो. तेव्हा पद्मावतीनं तोंड मिटलं, आणि तिला सुचलेली एकुलती एक ओवी पोटातच राहिली.

वेडाची कारणं अनेक असतात, आणि ती आपलं घर सोडून सर्वत्र सापडतात, हे आता शास्त्रानंही मान्य केलं आहे.

पद्मावतीचे यजमान आप्पाण्णा यांनी बाजारात इंजिनवरची पिठाची गिरणी घातली. गाव सुधारला. घरातलं जातं कोपऱ्यात गेलं. त्याआधी सून ब्राह्मी रोज पहाटे त्या जात्यावर बसून सासूचा यथास्थित उद्धार करी. ओवीतल्या उद्धाराला उत्तर द्यायचं नसतं, अशी रीत. पद्मावती अंथरुणात पडून ऐके आणि मनातल्या मनात सुरातल्या चुका काढी.

गिरणी आली आणि ब्राह्मी गप्प झाली. मग पहाटे उठून रिकामंच जातं फिरवू लागली. दाणा नाही, ओवी नाही, नुसती दगडावर दगडाची खरखर. हाक मारली तर ओ देईना.

गिरणीवाल्याच्या घरात जातं फिरणं हे वेडाचं सर्वमान्य लक्षण होय. (गिऱ्हाइकांना ऐकू जाणं हे त्याहून गंभीर.)

बेळगावच्या कॅम्पातून डॉक्टर आले. जीभ बघितली, नाडी बघितली, आणि वेड हा मेंदूचा आजार असल्याचं जाहीर केलं. उपाय: ब्रोमाइड, एरंडेल, डोक्यावर गार पाणी. हायस्कुलाचे मास्तर मनाविषयीचं विलायती पुस्तक (अर्धं) वाचलेले. ते म्हणाले, आजार मनाचा. जात्याची वरची तळी म्हणजे बाप, खालची म्हणजे आई. उपाय: स्वप्नं सांगणे. ब्राह्मी सांगेना, तेव्हा मास्तरांनी स्वतःची सांगितली.

डॉक्टरांच्या मते शंभरातली नव्वद वेडं मेंदूतून निघतात, मास्तरांच्या मते ऐंशी लहानपणातून. बेरीज एकशे सत्तर. शास्त्र गरजेपेक्षा पुढं गेलं आहे ते असं.

दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर झालं: सोमवारच्या मोटारीनं तिला धारवाडच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवावं.

"आप्पा, तिलाच इचारून बघूया की," ब्राह्मीचा नवरा श्रीपाल म्हणाला.

"खुळ्याला काय इचारतोस रं? आन् श्याण्यागत बोलली, तर ह्या दोघांस्नी तोंड कसं दाखवायचं?"

तर्क बिनतोड होता.

सोमवारी पहाटे पद्मावती ओंजळभर जोंधळे घेऊन सुनेसमोर बसली. खुंटा धरला, दाणे टाकले. दगडाचा आवाज मऊ झाला. तिनं तोंड उघडलं:

सासूबाईचा गं बोल, जशी तंबाकूची धूळ
डोळां पानी येतं, जग म्हनं लागलं खूळ

ब्राह्मीनं चमकून वर बघितलं. मग दुसऱ्या खेपेला तिचाही आवाज लागला.

दारात मोटार आली तेव्हा आत दोघी गात होत्या. डॉक्टरांनी रोग सांसर्गिक ठरवला. मास्तरांनी सासूचंही लहानपण मागितलं. आप्पाण्णांनी मात्र मोटार परत धाडली. एक बाई पाठवता येते. दोघी गेल्या तर भाकरी कोण थापणार?

वाचकांनीही एव्हाना मेंदू की मन, यातली एक बाजू धरली असेलच. (श्रीपालच्या आधी 'तिलाच विचारा' असं ज्यांना सुचलं, त्यांनी हात वर करावा.)

पीठ भरता भरता पद्मावतीनं विचारलं, "रिकामं कशाला फिरवत हुतीस गं?"

"दाणं समदं गिरणीत, पर हात ऱ्हाईना. दाण्याबिगर ओवी म्हनायची न्हाय, आत्ती," ब्राह्मी म्हणाली. "आन् ओवीबिगर तुमास्नी शिव्या कुटं देऊ?"