शेषाच्या अंगावरची घोणस

आमच्या येडशीचे भानुदासकाका देवाला हात जोडण्याआधी देवाच्या सापाची जात बघतात. रेल्वेत गँगमन होते. रुळांवरून चालण्यात उमर गेली, साप रोजच दिसायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी देवळं धरली. महादेवाच्या गळ्यातला नाग त्यांना बहुतेक ठिकाणी पसंत पडतो. एका गावच्या कालियाला मात्र त्यांनी धामण ठरवलं. "बिनइषारी हाय. उगंच तुडवला बिचाऱ्याला."

गावाबाहेरच्या जुन्या देवळातल्या शेषशायी विष्णूवर त्यांचा विशेष डोळा. शेषाला फणा आहे, पण वेटोळ्यांवर गोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या कोरल्यात. "फना नागाचा, अंग घोणशीचं," काका सांगतात. "कारागिरानं नाग लांबून बघितला, घोणस जवळून."

एकादशीला बायकांची रांग लागली की काका मूर्तीशेजारी उभे राहत आणि एकेकीला थांबवत. आधी अंग बघा, मग पाया पडा. रांग हलेना. पुजारी वैतागले. शेषाला घोणस म्हणणारा माणूस देवळात नको, असं त्यांनी बजावलं.

मी निवृत्त मास्तर, म्हणून काका मला मध्यस्थीला घेऊन गेले. हा नाद सोडा, असं मी वाटेत त्यांना समजावलं. ते हूं म्हणाले. देवळात पुजाऱ्यांनी सरळच विचारलं, भक्तीनं आलेल्या बायकांना साप कशाला शिकवता? शिकवायचेच तर शाळेत जा.

काका मूर्तीकडं वळले. मग म्हणाले, "महाराज, सोयाबीन काढताना आमच्या हिला साप चावला. म्या बघितला. अजगराचं पिलू हाय म्हनलो. रोज साप बघनारा मानूस, म्हनून तिनं इश्वास ठिवला. हळद लावून घरीच बसली. ती घोणस व्हती. दवाखान्यात न्हेस्तवर लई उशीर झाला." वेटोळ्यांकडं हात करून ते म्हणाले, "शेतात ह्याच बाया राबत्यात. हितं तरी निवांत उभ्या ऱ्हात्यात, म्हनून दावतो."

इतकी वर्षं मी त्यांचा शेजारी. काकू साप चावून गेल्या, एवढंच मला ठाऊक होतं.

 पुजाऱ्यांनी निरांजन उचललं, शेषाच्या वेटोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "साखळी कुठली म्हणता?"

काका वाकले. दगडाला बोट न लावता, एकेक ठिपका दाखवत गेले.