चौकोनांचे मार्गदर्शन

२००६ सालच्या जूनपासून चामोर्शी तालुक्यातील एका केंद्राचे सर्व शिक्षक एकमेकांकडून शिकू लागले. त्याआधी ते नुसते बोलत असत.

केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-बारा प्राथमिक शाळांचा गट. महिन्यातून एकदा या शाळांचे गुरुजी आणि बाई कुठल्यातरी एका शाळेच्या आवारात मोहाच्या झाडाखाली जमत. कुणाच्या वर्गात काय जमले, कुणाचे काय फसले, हे सांगत. गावच्या तलावातली मासोळी आणि भात खाऊन घरी जात. या पद्धतीत एक गंभीर दोष होता. शिकल्याचा कोणताही पुरावा मागे उरत नसे.

हा दोष केंद्रप्रमुख बापूराव चिताडे यांच्या लक्षात आला. ते नुकतेच नागपूरहून नावीन्यपूर्ण नेतृत्वाचे प्रशिक्षण घेऊन, एक बॅग आणि एक फाईल मिळवून परतले होते. त्यांनी झाडाखालची सभा रद्द केली आणि सर्वांना 'गुरुसेतू' या राज्यभरच्या ऑनलाइन नेटवर्कचे सदस्य केले. गावांत फोनची तार नव्हती, काही शाळांत वीजही नव्हती. म्हणून असे ठरले की दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर्वांनी चामोर्शीला प्रफुलच्या सायबर कॅफेत यावे आणि तिथून एकमेकांशी जोडले जावे. नेटवर्कमुळे अंतर मिटते, असे परिपत्रकात म्हटले होते. ते मिटवायला शिक्षकांना वीसेक किलोमीटर सायकल मारावी लागे.

कॅफेत तीन कॉम्प्युटर होते आणि दोन बाकडी. शिक्षक खांद्याला खांदा लावून बसत आणि पाळीपाळीने शेजाऱ्याला संदेश पाठवत.

प्रेमिला मोहुर्ले ही त्यांतली सर्वांत नवी. भद्रावतीची मुलगी, पिपरटोल्याच्या शाळेवर शिक्षणसेविका. तिच्या पहिलीतली मुले घरी गोंडी बोलत आणि शाळेत काहीच बोलत नसत. दुपारची खिचडी खाऊन ती घरी जात आणि परत येत नसत. शाळेचा पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद होणार होती, आणि मग त्या सहा वर्षांच्या पोरांनी नाला ओलांडून पलीकडच्या गावी जायचे होते. म्हणजे जायचे नव्हतेच. प्रेमिलाने हे सगळे रोमन अक्षरांत नेटवर्कवर लिहिले आणि शेवटी विचारले, मी काय करू?

शेजारी पिंपळखुट्याच्या शाळेचे देवाजी कुमरे गुरुजी बसले होते. घरी गोंडी बोलणारी मुले ते वीस वर्षे शिकवत होते. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अवं बाई, हे तं सोपं हाय. पहिले तुमी..."

"कुमरे गुरुजी!" मागून बापूराव म्हणाले. "तोंडी नको."

"काऊन साहेब? बाजूलेच तं बसून हाय ते."

"तोंडी सांगितलेलं मोजता येत नाही. पोस्ट करा. आणि मार्गदर्शन देवनागरीतूनच करा, वरून आदेश आहे."

देवाजी दोन बोटांनी टाइप करत. उत्तर पुरे व्हायला तीन शनिवार लागले. तेवढ्यात प्रेमिलाच्या वर्गातली आणखी चार मुले यायची थांबली. चौथ्या शनिवारी प्रफुलने बटण दाबले आणि उत्तर नेटवर्कवर झळकले. कॅफेतल्या कॉम्प्युटरवरचा मराठी फाँट नेटवर्कला ओळखीचा नव्हता. त्यामुळे देवाजींचे वीस वर्षांचे अनुभव ओळीने मांडलेल्या रिकाम्या चौकोनांच्या रूपात प्रकट झाले.

नेतृत्वाने चोवीस तासांच्या आत अभिप्राय द्यावा, असा नियम होता. बापूरावांनी रोमन अक्षरांत लिहिले, 'अत्यंत मौलिक.' केंद्रप्रमुखांनी लिहिल्यावर केंद्रातल्या सर्वांनी लिहिले. 'छान मार्गदर्शन, सर.' 'मनाला भिडले.' धुळ्याच्या एका मुख्याध्यापकांनी लिहिले, 'मी हे उद्यापासूनच वर्गात राबवणार आहे.'

"साहेब, त्याच्यात काहीच दिसून नाई राह्यलं," देवाजी म्हणाले. "सारे डबेच डबे हायेत."

"गुरुजी, साठ जणांना भावलं. तुम्हालाच काऊन दिसू नये?" बापूराव हळूच म्हणाले. "नम्रता चांगली आहे, पण इतकी नको."

दिवाळीनंतर देवाजींची पोस्ट वर्षातील सर्वोत्कृष्ट मार्गदर्शन ठरली आणि प्रेमिलाचा प्रश्न सर्वोत्कृष्ट प्रश्न. गडचिरोलीत दोघांना शाल आणि नारळ मिळाले. परत येताना सुदैवाने एसटी बिघडली. ड्रायव्हर टायर खोलत बसला आणि दोघे रस्त्याच्या कडेला दगडावर टेकले. तिथे नेटवर्क नव्हते.

"आता सांगा गुरुजी," प्रेमिला म्हणाली. "काय लिहिलं होतं तुमी?"

"पहिला महिना पुस्तक उघडूच नोका. तुमीच पोराइच्याकून गोंडी शिका. पाण्याले काय म्हणता रे, कुत्र्याले काय म्हणता, इचारा. तुमी चुकान, ते हासतीन. एकडाव हासले का मंग त्याइचं तोंड बंद नाई होत."

"बस, एवढंच?"

"एवढंच. टाइप कराले तीन शनवार गेले."

सोमवारी प्रेमिलाने पाण्याला गोंडीत येर म्हणून दाखवले. ती ते इतके वाईट म्हणाली, की दिव्यानी नावाच्या मुलीने कपाळावर हात मारला आणि वर्ग हसला. होळीपर्यंत खिचडीनंतरही मुले थांबू लागली. ती बाईंना शिकवत होती, त्यामुळे त्यांना घरी जायला फुरसत नव्हती.

मार्चमध्ये तपासणी झाली. पट तेवीस निघाला. बापूरावांनी प्रेमिलाला बोलावून घेतले.

"ही प्रगती कोणत्या स्रोतातून झाली?"

"कुमरे गुरुजींनी सांगितलं. एसटी बिघडली होती तेव्हा."

"एसटी?" बापूरावांनी पेन खाली ठेवले. "बाई, बिघडलेली एसटी हे मान्यताप्राप्त व्यासपीठ नाही. पट घसरला तेव्हा गेलेला तुमची शाळा बंद करायचा प्रस्ताव अजून वरच्या कार्यालयात पडून आहे. नेटवर्कमुळे शाळा वाचली असं गेलं, तर तो थांबतो. एसटीमुळे वाचली असं गेलं, तर तुम्ही आणि मी दोघंही नवी जागा शोधत बसू."

शाळा खरोखरच वाचायची होती. प्रेमिलाने लिहून दिले की हे सर्व आपण श्री. कुमरे यांच्या पोस्टमधून शिकलो. प्रस्ताव थांबला. बापूरावांना नेतृत्वाचा पुरस्कार मिळाला. प्रेमिला प्रमाणित मार्गदर्शक झाली. आणि ते चौकोन जिल्ह्यातील प्रत्येक नव्या शिक्षकाला वाचणे सक्तीचे झाले. लोक वाचत, आणि छान लिहीत.

पुढच्या पावसाळ्यात सिरोंचाकडच्या पायल नावाच्या शिक्षिकेने त्या चौकोनांखाली लिहिले, 'मला फक्त चौकोन दिसतात. माझी मुलं तेलुगू बोलतात आणि वर्गातून पळून जातात. यात काय लिहिलंय ते कुणी सांगेल का?'

प्रश्न प्रमाणित मार्गदर्शकाकडे आला. शनिवार होता. प्रेमिला कॅफेत बसली होती, शेजारी देवाजी, मागे बापूराव.

"सांगून टाका तिले," देवाजी पुटपुटले. "दोन ओळीचं तं काम हाय."

प्रेमिलाने रोमन अक्षरांत एक ओळ लिहिली. मग तिला आपण लिहून दिलेले पत्र आठवले, पट आठवला, कपाळावर हात मारणारी दिव्यानी आठवली. चौकोनांत काही नव्हते हे एकदा कबूल केले, की कार्यालयातला प्रस्ताव पुन्हा चालू लागणार होता. तिने ती ओळ पुसली.

"काय लिहिलं बाई?" बापूरावांनी विचारले.

तिने लिहिले होते, 'छान प्रश्न.'

देवाजी उठले, सायकल काढली आणि नमस्कार न करता गेले.

पायलचा प्रश्न अजून तिथेच आहे. त्याला नंतर शेकडो वाचक लाभले. सगळ्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, सगळ्यांना तो मनापासून पटला, आणि कुणीही तिला चौकोनांत काय होते ते सांगितले नाही. आपल्याला मात्र आता ते माहीत आहे. अभिप्रायासाठी खाली एक चौकोन मोकळा ठेवला आहे. त्यात आपण काय लिहिणार, हेही साधारण ठाऊक आहे.