ऑर्विल टॅकेटचं अर्धं भाषण

ऑर्विल टॅकेट भाषणाला निघाला तेव्हा त्याची बायको नॅडीन त्यांच्या लाँड्रीत टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"आवाज चढवू नकोस," ती म्हणाली. "आणि डेलला चोर म्हणू नकोस. त्याची आई आपलं गिऱ्हाईक आहे."

"मी कुणाला काही म्हणत नाही. घटनादुरुस्ती समजावून सांगणार, बस!"

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या त्या गावात सध्या दुसरा विषयच नव्हता. धंद्याच्या यंत्रसामग्रीवरचा मालमत्ता कर माफ करता यावा म्हणून राज्याची घटना बदलायची का, यावर मंगळवारी मतदान होतं. वर्षानुवर्षं वॉशिंग मशीन आणि ड्रायरवर कर भरून वैतागलेला ऑर्विल 'हो'वाल्यांचा पुढारी होता. त्याच करातून शाळा आणि अग्निशमन दल चालायचं, म्हणून दलाचा प्रमुख डेल मलिन्स 'नाही'वाल्यांचा. आणि सभा होती अग्निशमन केंद्रात, कारण गावात तेवढी मोठी जागा दुसरी नव्हती.

ऑर्विलने आपल्या पिकअपवर भलीमोठी पाटी उभारली होती: 'हो म्हणा!' डेलच्या डोळ्यांत ती नीट खुपावी म्हणून त्याने गाडी बरोबर बंब बाहेर पडायच्या दारासमोर आडवी लावली आणि ऐटीत आत गेला. त्या ऐटीत किल्ली गाडीतच राहिली, दार लॉक झालं.

"मित्रांनो, ड्रायर म्हणजे काय सोन्याची खाण आहे?" भाषण रंगात आलं होतं. तेवढ्यात डेलच्या कमरेचा वायरलेस खरखरला. डेल ताडकन उठला.

"ऑर्विल, थांब."

"माझी वेळ संपलेली नाही!"

"तुझ्या लाँड्रीतून धूर येतोय."

ऑर्विल भाषण टाकून दाराकडे धावला. नॅडीन आत होती.

निम्मे श्रोते दलाचेच स्वयंसेवक. क्षणात बंब सुरू झाला, शटर वर गेलं आणि समोर दिसलं: 'हो म्हणा!'

"गाडी काढ!" डेल ओरडला.

ऑर्विलने सगळे खिसे चाचपले. मग काचेतून आत पाहिलं. "काच फोड!"

"नक्की? नंतर म्हणशील..."

"फोड रे बाबा!"

डेलने कुऱ्हाड घातली ती जरा जास्तच मनापासून. गाडी सुरू करण्याइतका धीर कुणालाच नव्हता; ऑर्विलने आत हात घालून ब्रेक सोडला आणि 'हो'वाले आणि 'नाही'वाले खांद्याला खांदा लावून गाडी ढकलू लागले. ती सुटली, उतारावरून घरंगळली आणि चर्चच्या कुंपणात जाऊन रुतली. तिकडे न बघता ऑर्विल बंबाला लटकला.

नॅडीन फुटपाथवर उभी होती. तोंडाला काजळी, हातात आग विझवायचं रिकामं नळकांडं.

"ड्रायरच्या नळीत कपड्यांचे तंतू साचून पेटले. गॅस बंद केला, फवारा मारला," ती म्हणाली. "एवढे सगळे कशाला आलात?"

डेलची माणसं आत घुसली. बऱ्याच वेळाने डेल बाहेर आला, हेल्मेट काढून म्हणाला, "भिंतीच्या आत धग होती. विझली आता. ड्रायर मात्र गेला. त्याच्यावरचा कर वाचला तुझा."

ऑर्विल हसला आणि नॅडीनच्या तोंडावरची काजळी पुसू लागला.

एव्हाना अख्खी सभा चालत तिथे आली होती. कुणीतरी सभेसाठी आणलेली पेपरोनी रोलची, म्हणजे मांस भरलेल्या पावांची पेटीही उचलून आणली होती. "इथेच उरकू या की," कुणी म्हणालं. "ऑर्विल, पुढचं बोल."

ऑर्विलला पुढचं काही आठवेना.

"मी बोलते," नॅडीन म्हणाली. "घरात भांडण नको म्हणून इतके दिवस गप्प होते. मी 'नाही' म्हणणार आहे! आणि ह्याचं भाषण रोज न्हाणीघराच्या दारातून ऐकलंय मी. त्यातला एक मुद्दा धड नाही!" मग तिने एकेक मुद्दा घेऊन नवऱ्याला भर रस्त्यात असं झोडपलं की 'नाही'वाल्यांनाही त्याची दया आली.

सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता ऑर्विल.

डेल चक्रावला. "म्हणजे तूही 'नाही'?"

"छट्! मी मंगळवारी 'हो'च म्हणणार."

"मग टाळ्या कसल्या वाजवतोस?"

ऑर्विलने बाहीने डोळे पुसले.

"अरे, भांडतेय ती, डेल," तो म्हणाला. "ऐक जरा. कशी खणखणीत भांडतेय!"