रेइनो काकांची बंदूक आणि वरचं बाकडं

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण ह्यात गावातले चार म्हातारे उघडे आहेत, आणि चौघांकडेही बंदुका आहेत. पण ओन्नी म्हणाला, लिही रे, अब्रू माझीच जाणार आहे.

तर हा ओन्नी. आमच्या अमेरिकेतल्या, मिशिगनच्या उत्तरेकडच्या फिनिश वस्तीत जुन्या फौजी बंदुकांचं त्याच्याइतकं वेड कुणाला नाही. आणि गावातल्या नेमबाजी क्लबाच्या बंदुका चाळीस वर्षं सांभाळल्या त्या रेइनो काकांनी. काय सांभाळल्या! कपाट उघडलं की वाटतं, आत न्हाऊमाखू घातलेली बाळं झोपलीत. आता काकांचे हात थरथरतात. त्या कपाटाची किल्ली आपल्याला मिळावी, एवढं एकच स्वप्न ओन्नी बघत होता.

काकांनी परीक्षा घेतली. तळघरातून एक बंदूक आणून दिली. फिनलंडच्या फौजेनं मोडीत काढलेली, गंजू नये म्हणून ग्रीस थापून पाठवलेली. ते ग्रीस आता पार काकवीसारखं थिजलेलं. शनिवारी बघायला येतो, म्हणाले. शनिवारी ते तसेही येणारच होते, कारण त्या आठवड्यात म्हाताऱ्यांच्या सौनाची, म्हणजे तापल्या लाकडी खोलीतल्या वाफेच्या अंघोळीची, पाळी ओन्नीकडे होती.

लोखंडाचं काम ओन्नीनं चोख केलं. सुटे भाग रॉकेलनं धुतले, नळीतून चिंध्या ओढल्या, तेलाचा हात फिरवला. घोडं अडलं ते लाकडी दस्त्यापाशी. लाकडात मुरलेलं ग्रीस तापवून, घाम फोडूनच काढावं लागतं. लोक दस्ता उन्हात ठेवतात. आमच्याकडे मार्चमध्ये कसलं ऊन? मग ऐंशी अंश तापणारी जागा आणायची कुठून? कुठल्याही फिनिश माणसाला सुचलं असतं तेच ओन्नीला सुचलं. गुरुवारी त्यानं सौना पेटवला, वरच्या बाकड्यावर टॉवेल अंथरून दस्ता आडवा निजवला, आणि स्वतः फडकं घेऊन खाली बसला. बाळंतिणीच्या खोलीत आई बसते ना, तसा.

दस्त्याला घाम फुटला. ओन्नी पुशी, तो पुन्हा घामेजे. चार तासांनी काळपट ग्रीसखालून मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं, आणि ओन्नी बघतच राहिला. त्या नादात टॉवेल तेवढा धुवायला टाकला आणि काम झालं असं समजला. टॉवेलमधून झिरपलेलं ग्रीस फळ्यांनी पिऊन टाकलं होतं. गार झाल्यावर फळ्या दिसायला जशाच्या तशा!

शनिवारी चार म्हातारे कपडे काढून वयाच्या क्रमानं वरच्या बाकड्यावर चढले. बुडाखाली टॉवेल घेणं म्हणजे त्यांच्या मते शहरी थेरं. रेइनो काकांनी तापल्या दगडांवर डावभर पाणी टाकलं. चर्रर्र झालं, वाफ उठली, आणि फळ्यांनाही घाम फुटला.

पहिले घसरले एस्को काका. ताठ बसलेले, तसेच ताठ खालच्या बाकड्यावर आले. आता सौनात आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही, देवळात वागावं तसं वागायचं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. एस्को काका पुन्हा वर चढले. मग बाकीचे दोघे आले, शेजारी शेजारी. शेवटी रेइनो काका दोन्ही पायऱ्या पार करून थेट दाराशी, ओन्नीच्या पायांपाशी थांबले. ओन्नी छताकडे बघत होता.

बाहेर पडवीत काकांनी टॉवेल गुंडाळला आणि तळहात हुंगला.

"हे माझ्या बंदुकीतलं."

"हो काका."

"दस्ता आण."

झालं, गेली किल्ली, असं मनात धरूनच ओन्नीनं दस्ता आणला. काकांच्या टकलातून वाफ निघत होती. त्यांनी कडांवरून नख फिरवलं. घाईची माणसं इथंच सँडपेपर मारतात, आणि लाकडाबरोबर फौजेचे शिक्केही घासून जातात. इथं शिक्का शाबूत होता. आणि त्याच्या खाली, इतकी वर्षं ग्रीसनं भरलेलं, कुणा सैनिकानं चाकूनं कोरलेलं एक इवलंसं पाइनचं झाड होतं. काकांचा अंगठा त्या झाडावर बराच वेळ राहिला.

"एवढी वर्षं माझ्या घरात होती," ते म्हणाले. "हे झाड मला माहीतच नव्हतं." मग ओन्नीकडे बघून, "सँडपेपर नाही लावलास?"

"एकदाही नाही, काका."

"शाबास. आता बाकड्यांना लाव. ती स्वच्छ झाली की किल्ली घेऊन जा. आणि तळघरातल्या पेटीत अशाच अजून पाच बंदुका आहेत, त्याही ने."

रविवारी ओन्नीबरोबर फळ्या घासायला कोण होतं? मीच. संध्याकाळपर्यंत माझे गुडघे गेले. ओन्नीनं माझ्याकडे बघितलं, आमचा सौना किती अंश तापतो ते विचारलं, आणि छातीवर हात ठेवून म्हणाला,

"पुढच्या वेळी तुला त्रास नाही देणार. तुमची बाकडी मी एकटा घासीन. वचन."